खाद्यपदार्थ घरपोच: जादा दिलेले 155 रुपये नेमके कोणाच्या खिशात जातात?

कर्वेनगरकर (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी,

प्रश्न पैशांचा आहे, म्हणून आधी आकडे देतो. गेल्या आठवड्यात कोथरूडमधल्या एका हॉटेलातून ॲपवरून जेवण मागवले. पनीरची भाजी, दाल, रोट्या आणि जिरा राइस मिळून 480 रुपये, पॅकिंगचे 20, या 500 रुपयांवर 5 टक्के जीएसटीचे 25, डिलिव्हरीचे 30, प्लॅटफॉर्म फीचे 12, आणि शेवटच्या दोन रकमांवर 18 टक्के जीएसटीचे 7 रुपये 56 पैसे. एकूण 574 रुपये 56 पैसे. त्याच हॉटेलचे छापील मेनूकार्ड माझ्याकडे आहे. त्यावर याच पदार्थांचे 400 रुपये होतात, म्हणजे तिथे बसून जेवलो असतो तर करासह 420 रुपयांत भागले असते.

अंतर चार किलोमीटर. त्यासाठी मी 155 रुपये जादा दिले आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण घरबसल्या जेवण हवे असेल तर पैसे मोजावेच लागतात. मात्र या 155 रुपयांपैकी पार्सल घेऊन आलेल्या मुलाला किती मिळाले, हे बिलावर कुठेच लिहिलेले नव्हते. त्यालाच विचारले तेव्हा तो हसला आणि "काका, ओटीपी सांगा" एवढेच म्हणाला. येथे हॉटेल चालवणारे, हिशोब जाणणारे आणि कदाचित स्वतः डिलिव्हरी करणारेही सदस्य असतील. आत काय चालते ते त्यांनी सांगावे, ही विनंती. कंपनीचे नाव मुद्दामच लिहिलेले नाही. प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

पेठी

चार किलोमीटर चालत जाऊन पार्सल आणलेत तर 155 रुपये वाचतील. अर्थात येईपर्यंत अशी भूक लागेल की तेवढेच पार्सल पुन्हा आणावे लागेल.

हिशोबनीस

कर्वेनगरकर, आपल्या बिलाची फोड करून पाहू. हॉटेलांकडून घेतले जाणारे कमिशन करारागणिक बदलते, पण साधारण 15 ते 30 टक्क्यांच्या दरम्यान असते. येथे 25 टक्के धरतो.

480 रुपयांवर 25 टक्के म्हणजे 120 रुपये. या कमिशनवर हॉटेलला 18 टक्के जीएसटी द्यावा लागतो, तो 21 रुपये 60 पैसे. बहुतेक हॉटेले 5 टक्क्यांच्या दरात आहेत आणि त्या दरात इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे हे 21 रुपये 60 पैसे हॉटेलच्या खर्चातच जातात. म्हणजे पदार्थ आणि पॅकिंग मिळून आपण दिलेल्या 500 रुपयांतून हॉटेलच्या हाती 358 रुपये 40 पैसे पडले. किंमत वीस टक्क्यांनी वाढवूनही त्याला गल्ल्यावरच्या 400 रुपयांपेक्षा कमीच मिळाले, आणि डब्यांचा खर्च त्यातच आला. आपण दिलेले 25 रुपये जीएसटी त्याच्याकडे जात नाहीत. 1 जानेवारी 2022 पासून तो कर ॲप कंपनीच थेट भरते.

आता कंपनीची बाजू. कमिशन 120, डिलिव्हरी 30 आणि प्लॅटफॉर्म फी 12 मिळून 162 रुपये. यातून रायडरचे पैसे, ऑनलाइन पेमेंटचा खर्च, ग्राहकसेवा, परतावे, जाहिराती, सर्व्हर, पगार आणि इतर ग्राहकांना दिलेल्या सवलती भागवायच्या असतात. हे 162 रुपये म्हणजे नफा, असे कोणी समजू नये. झोमॅटोच्या शेअरविक्रीच्या वेळच्या, म्हणजे 2021 च्या कागदपत्रांत प्रत्येक ऑर्डरमागचा हिशोब दिलेला होता. 2019-20 मध्ये प्रत्येक ऑर्डरमागे साधारण 30 रुपये तोटा होत होता आणि पुढच्याच वर्षी साधारण 20 रुपये उरू लागले. मधल्या काळात ऑर्डरची सरासरी रक्कम वाढली, सवलती घटल्या आणि ग्राहकाकडून डिलिव्हरीचे पैसे अधिक घेतले जाऊ लागले. अलीकडे खाद्यपदार्थांच्या व्यवसायातील कंपनीचा परिचालन नफा एकूण ऑर्डरमूल्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्या बिलावर तो 28-29 रुपये होईल.

प्लॅटफॉर्म फीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही फी 2023 मध्ये 2 रुपयांनी सुरू झाली आणि दोनच वर्षांत 12 रुपयांपर्यंत पोहोचली. ज्या कंपनीकडे दिवसाला वीस लाखांहून अधिक ऑर्डरी येतात, तिच्यासाठी या फीतला एक रुपया म्हणजे रोजचे वीस लाख. त्यामागे रायडरचा पेआउट एक पैसाही वाढवावा लागत नाही.

खमंग

मी कोथरूड भागातच छोटे हॉटेल चालवते. (कर्वेनगरकर, ते माझे नसावे, आमच्याकडे पनीर शनिवार-रविवारीच असते.) हिशोबनीसांचे गणित बरोबर आहे, पण अर्धेच आहे. कमिशनखेरीज जाहिरातीचे पैसे वेगळे जातात. परिसरात बारा हॉटेले असतील आणि तुम्ही जाहिरात लावली नाही, तर ग्राहकाने कितीही बोट फिरवले तरी तुमचे नाव लवकर दिसत नाही. शिवाय '120 रुपयांपर्यंत 60 टक्के सूट' असे ग्राहकाला दिसते, तेव्हा त्या सवलतीचा मोठा भाग अनेकदा हॉटेलच सोसत असते.

ग्राहकाचा फोन नंबर आम्हाला मिळत नाही, हे मला सर्वांत जास्त खुपते. तीन वर्षे दर शुक्रवारी आमची थालीपिठे मागवणारे कोणी एक गृहस्थ आहेत. मला त्यांचे फक्त पहिले नाव माहीत आहे. उद्या मी ॲप सोडले तर हा माणूस ॲपकडेच राहील. हॉटेलचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने अशाच तक्रारी स्पर्धा आयोगाकडे नेल्या आणि आयोगाने एप्रिल 2022 मध्ये झोमॅटो आणि स्विगी या दोघांचीही चौकशी करण्याचा आदेश दिला होता.

आता दुसरी बाजूही सांगते. पूर्वी आम्ही डिलिव्हरीसाठी स्वतःचा मुलगा ठेवला होता. पगार, पेट्रोल आणि दोन वेळचे जेवण धरून महिन्याला 18,000 रुपयांच्या घरात जात. महिन्याचे 26 दिवस आणि दिवसाच्या 15 ऑर्डरी धरल्या तर एका ऑर्डरमागे 46 रुपये. दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री आठ ते साडेदहा त्याला पाणी प्यायला वेळ नसे, आणि मधले साडेपाच तास तो आमच्या काउंटरवर बसून मोबाइल बघे. ॲपने त्या मधल्या साडेपाच तासांचा खर्च माझ्या डोक्यावरून काढला, हे मान्य केले पाहिजे.

सौदामिनी_बाणेर

माझ्याकडे सदस्यत्व आहे, त्यामुळे डिलिव्हरी शुल्क शून्य येते. मग माझ्या ऑर्डरीवर रायडरला काय मिळते?

हिशोबनीस

तेवढेच मिळते जेवढे कर्वेनगरकरांच्या ऑर्डरीवर मिळाले असते. ग्राहकाकडून घेतलेले डिलिव्हरी शुल्क आणि रायडरला दिलेला पेआउट ही दोन स्वतंत्र खाती आहेत. पाऊस पडला की ग्राहकाला जादा आकार लागतो, तेव्हाही तो जसाच्या तसा रायडरकडे जातोच असे नाही. रायडरचा सर्ज, म्हणजे अशा वेळचा जादा मोबदला, वेगळा ठरतो.

दुचाकीस्वार

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी दोन वर्षांपासून बाणेर, बालेवाडी आणि वाकड या पट्ट्यात डिलिव्हरी करतो. कोणत्या ॲपसाठी, ते सांगत नाही. आयडी ब्लॉक झाला तर विचारायला जागा नसते.

चार किलोमीटरच्या ऑर्डरीला आमच्या झोनमध्ये साधारण 30 ते 45 रुपये दिसतात. 40 धरा. हॉटेलपर्यंत जायचे दीड किलोमीटर, ग्राहकापर्यंत चार आणि पुन्हा हॉटेलांच्या गर्दीत येईपर्यंत अडीच, असे आठ किलोमीटर होतात. पुण्यात पेट्रोलने शंभरी केव्हाच ओलांडली आहे आणि वाहतुकीत माझी गाडी 45 चे ॲव्हरेज देते. म्हणजे 18 रुपये पेट्रोलचे. ऑइल, टायर, ब्रेक आणि मोबाइलचा रिचार्ज वेगळा. परतीच्या वाटेवर लगेच ऑर्डर मिळाली किंवा दोन ऑर्डरी एकत्र मिळाल्या तर हा खर्च निम्म्यावर येतो, त्यामुळे रोजचा हिशोब एका ऑर्डरीवरून करता येत नाही.

पण पेट्रोलपेक्षा जास्त मार बसतो तो थांबण्याचा. बाणेरमध्ये एका इमारतीच्या मागच्या गल्लीत एक किचन आहे. बिर्याणी, मोमो, सॅलड, पराठे अशा वेगवेगळ्या नावांची 'हॉटेले' तिथल्या एकाच खिडकीतून चालतात. खिडकीतला मुलगा ऑर्डरीचे शेवटचे तीन आकडे ओरडतो आणि बाहेर आम्ही वीस-पंचवीस जण मोबाइल वर धरून उभे असतो. बसायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही. किचनला वेळ पाळल्याचे गुण मिळतात, म्हणून पदार्थ तव्यावर असतानाच 'रेडी' चे बटण दाबले जाते. ॲपच्या लेखी उशीर त्यानंतर सुरू होतो आणि तो आमच्या नावावर चढतो. काही वेळा थांबण्याचे दोन-पाच रुपये मिळतात, काही वेळा तेही मिळत नाहीत. त्यानंतर बालेवाडी हायस्ट्रीटची गर्दी, मग सोसायटीचे फाटक, मग बाविसावा मजला. नकाशावरचे चार किलोमीटर बारा मिनिटांत होतात. ऑर्डर मात्र पन्नास मिनिटे खाते.

साप्ताहिक इन्सेंटिव्हवर, म्हणजे ऑर्डरींचे लक्ष्य गाठल्यावर मिळणाऱ्या जादा पैशांवर, सगळे टिकून असते. ते मिळाले तर आठवडा बरा जातो. लक्ष्याला दोन ऑर्डरी कमी पडल्या तर हातात काही येत नाही. म्हणून रविवारी रात्री अकरा वाजता सिग्नल तोडणारा मुलगा दिसला तर त्याला शिव्या जरूर द्या, पण त्याच्या मोबाइलवर त्या वेळी काय आकडा दिसत असतो तेही माहीत असू द्या.

पेठी

बाविसाव्या मजल्याचे पैसे वेगळे लावायला हवेत. आमच्या वाड्यात वरचा मजला दुसराच, पण जिना असा की तिथेही सर्ज लागावा.

अर्थशून्य

दुचाकीस्वारांनी लिहिलेले वास्तव नाकारण्याचा प्रश्नच नाही, तरी एका-दोघांच्या अनुभवावरून धोरण ठरवता येत नाही, म्हणून कंपनीने स्वतः दिलेले आकडे मांडतो. डिलिव्हरी कामगारांच्या डिसेंबर 2025 च्या संपानंतर झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जाहीर केले की 2025 मध्ये त्यांच्या रायडरची सरासरी कमाई टिप वगळून ताशी 102 रुपये होती. 2024 मध्ये ती 92 होती. दिवसाला 10 तास आणि महिन्याला 26 दिवस काम केले तर साधारण 26,500 रुपये होतात आणि पेट्रोल-देखभालीचे 20 टक्के वजा जाता 21,000 उरतात, असा त्यांचा हिशोब होता. कागदोपत्री किमान वेतन आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी देणारी किती कार्यालये आणि दुकाने याच शहरात आहेत, ते आपण सर्व जाणतो.

हे काम कोणालाही, कधीही सुरू करता येते. शिफारस लागत नाही, मुलाखत नसते, अनामत मोठी नसते. सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी कितीतरी मुले संध्याकाळचे चार तास हेच करतात. जिथे दार उघडे असते तिथे गर्दी होते आणि गर्दी झाली की दर पडतो. कंपनी दुष्ट असल्याचे गृहीत न धरताही ही गोष्ट समजते. उद्या सरकारने ऑर्डरमागे किमान 70 रुपये ठरवले, तर ऑर्डरी घटतील, रायडर वाढतील आणि त्या किचनच्या खिडकीबाहेर पंचवीसच्या जागी चाळीस जण उभे दिसतील.

मुळाकाठ

अर्थशून्य, गोयल यांनी त्याच वेळी दिलेला आणखी एक आकडा आपण वगळलात. सरासरी रायडर वर्षातून फक्त 38 दिवस काम करतो आणि 250 हून अधिक दिवस काम करणारे 2.3 टक्के आहेत. या सरासरीत परीक्षा संपल्यावर दोन आठवडे गाडी फिरवणारा विद्यार्थी आणि त्यावरच घरभाडे भरणारा दुचाकीस्वारांसारखा माणूस, दोघेही एकत्र मोजले जातात. महिन्याला 21,000 रुपये मिळवणारा माणूस कंपनीच्याच आकड्यांनुसार अपवाद आहे. मग त्याच्या उत्पन्नाचे उदाहरण सर्वांसाठी कसे चालेल? आणि 260 तास काम करून 21,000 मिळत असतील, तर त्यात साप्ताहिक सुट्टीचा पगार, आजारपणाची रजा आणि भविष्यनिर्वाह निधी धरलेला नाही.

अर्थशून्य

मान्य, सरासरी फसवी आहे. पण ती दोन्ही बाजूंनी फसवी आहे. ज्यांना चार तासच काम हवे आहे अशांवर आठ तासांची नोकरी लादणारा कायदा झाला, तर आधी तेच बाहेर पडतील.

दुचाकीस्वार

20 टक्क्यांचा खर्च इलेक्ट्रिक गाडीवर बसेल. ती भाड्याने घेतली तर आठवड्याचे भाडे, काम मिळो न मिळो, द्यावेच लागते. पेट्रोलवर 20 टक्क्यांत भागवायचे तर प्रत्येक परतीला ऑर्डर मिळायला हवी, आणि तसे फक्त रात्री आठ ते दहा घडते.

सौदामिनी_बाणेर

थोडे विषयाला फाटा फोडते, पण बाविसाव्या मजल्याचा उल्लेख झाला म्हणून. आमच्या सोसायटीत डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी, असा फलक होता. लिफ्ट एकच, त्यात बांधकामाचे सामान, भंगार आणि कुत्र्यांना फिरवणारे रहिवासी. गर्दीच्या वेळी दहा-दहा मिनिटे जात. सर्वसाधारण सभेत यावर तावातावाने वाद झाला. 'सुरक्षेचा प्रश्न आहे' असे म्हणणाऱ्यांना एका आजींनी विचारले, "मग सर्व्हिस लिफ्टने आलेला मनुष्य दारात आल्यावर बदलतो का?" फलक उतरला. येथील चर्चा वाचून लक्षात येते की ती दहा मिनिटे आम्ही त्या मुलांच्या खिशातून काढत होतो.

मुळाकाठ

थांबण्याच्या वेळेचे काय करायचे, हा प्रश्न इतर देशांत प्रत्यक्ष कायद्यात आला आहे आणि त्याचे दोन वेगळे निकाल दिसतात.

कॅलिफोर्नियात नोव्हेंबर 2020 मध्ये 'प्रपोझिशन 22' वर मतदान झाले आणि कंपन्यांच्या बाजूचा कायदा संमत झाला. त्यानुसार किमान वेतनाच्या 120 टक्क्यांची हमी मिळते, परंतु ऑर्डर स्वीकारल्यापासून ती पोहोचवेपर्यंतच्या वेळेचीच. दोन ऑर्डरींमधल्या वेळेचे काही नाही. न्यूयॉर्क शहराने उलट केले. तेथे डिसेंबर 2023 पासून ताशी 17.96 डॉलर असा किमान दर लागू झाला आणि तो ठरवताना रिकाम्या वेळेचाही हिशोब धरला गेला. रिकाम्या वेळेचे पैसे द्यावे लागणार म्हटल्यावर कंपन्यांनी एका वेळी किती जणांना लॉगिन करू द्यायचे यावर मर्यादा आणली आणि टिपचा पर्याय पैसे भरण्यापूर्वी दिसायचा, तो नंतर दाखवायला सुरुवात केली. सिएटलमध्ये जानेवारी 2024 मध्ये असाच कायदा आला, तेव्हा ग्राहकाच्या बिलावर जवळपास पाच डॉलरचा नवा आकार चढला आणि ऑर्डरी घटल्या.

म्हणजे अर्थशून्य म्हणतात तसे परिणाम होतात, हे खरे आहे. पण न्यूयॉर्कच्या अनुभवातून आणखी एक गोष्ट दिसते. थांबण्याचा खर्च कंपनीवर पडला की ती विनाकारण जास्त रायडर उभे करत नाही. तो खर्च रायडरवर पडतो तोवर रस्त्यावर जितके जास्त रायडर तितके कंपनीला बरे, कारण पार्सल लवकर पोहोचते आणि रिकामे उभे असलेल्यांचे तिला काहीच द्यावे लागत नाही.

अर्थशून्य

हा मुद्दा चांगला आहे. पण मग लॉगिनवर मर्यादा आली की सदाशिव पेठेतला तो विद्यार्थी बाहेरच राहिला.

दुचाकीस्वार

आमच्याकडे स्लॉट, म्हणजे कामाच्या ठरलेल्या वेळा, आधीपासूनच आहेत. चांगले रेटिंग असणाऱ्यांना रात्रीचा स्लॉट आधी उघडतो, बाकीच्यांना उरलेला. थांबण्याचे पैसे न देताही लॉगिनचा ताबा कंपनीकडेच आहे.

कलमबहाद्दर

आपल्याकडची कायदेशीर स्थिती थोडक्यात. सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने 2020 मध्ये संमत केली आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. 'गिग कामगार' (नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारे) अशी व्याख्या केंद्रीय कायद्यात प्रथमच आली. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची आहे, मात्र ही रक्कम कामगारांना दिलेल्या किंवा देय असलेल्या पैशांच्या 5 टक्क्यांहून अधिक असणार नाही. या तरतुदीमुळे रायडर कंपनीचा कर्मचारी ठरत नाही, आणि किमान मोबदल्याचा प्रश्न या निधीने सुटत नाही.

राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकाने 2025 मध्ये स्वतंत्र कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात प्रत्येक व्यवहारात कामगाराला दिलेल्या मोबदल्यावर 1 ते 5 टक्के कल्याण शुल्क आहेच, पण दुचाकीस्वारांनी आयडी ब्लॉक होण्याचा उल्लेख केला म्हणून सांगतो: काम बंद करायचे असेल तर लेखी कारण आणि 14 दिवसांची पूर्वसूचना देण्याची तरतूदही त्यात आहे.

हिशोबनीस

त्या 5 टक्क्यांच्या मर्यादेचा अर्थ कर्वेनगरकरांच्या बिलावर लावून पाहा. रायडरला 40 रुपये दिले असतील तर निधीत जास्तीत जास्त 2 रुपये. प्लॅटफॉर्म फी सुरू झाली तेव्हा जेवढी होती तेवढेच.

मार्केटयार्ड

माझे वडील गुलटेकडीच्या बाजारात हमाल होते, म्हणून हे लिहिणे भाग आहे. आपण सर्व जण न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियापर्यंत जाऊन आलात, पण ज्याला एकच मालक नाही अशा कामगाराचे काय करायचे, हा प्रश्न महाराष्ट्राने 1969 मध्येच हाताळला आहे. त्या वर्षी माथाडी कायदा झाला. हमाल सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर पोती उचलतो. त्याचा मालक कोण? कायद्याने मंडळ नेमले. त्यात कामगारांची नोंद, व्यापाऱ्यांची नोंद. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्हीही (अधिभार) भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि रजेचे पैसे. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली होती, म्हणून हा कायदा इथे कागदावर राहिला नाही. वडिलांच्या निवृत्तीनंतर जी रक्कम हाती आली ती त्या लेव्हीतूनच आली.

त्या काळी पोत्यांची मोजणी वहीत व्हायची, टोळीचा मुकादम आणि व्यापाऱ्याचा दिवाणजी यांच्यात रोज भांडणे व्हायची. आज कोणत्या मुलाने कोणत्या मिनिटाला काय उचलले आणि किती वेळ उभा राहिला, हे कंपनीच्या संगणकात सेकंदासह नोंदलेले आहे. तेव्हा जे वहीवर जमले ते आज जमणार नाही, हे कोणी मला पटवून द्यावे.

अर्थशून्य

आपल्या वडिलांबद्दल आणि हमाल पंचायतीबद्दल पूर्ण आदर ठेवून एक आक्षेप नोंदवतो. माथाडीच्या नावाखाली चाकण आणि रांजणगाव भागात उद्योजकांकडून खंडणी उकळली जाते, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत आहेत. नोंदणी मंडळाकडे गेली की त्या नोंदणीलाच किंमत येते, आणि मग ती विकली जाते. गुलटेकडीत नवा हमाल सहज शिरू शकतो का, हेही आपणच सांगावे.

मार्केटयार्ड

सहज शिरू शकत नाही, हे खरे आहे. खंडणीखोरांचा बंदोबस्त पोलिसांनी करावा. त्यासाठी हमालाची ग्रॅच्युइटी बंद करण्याचे कारण नाही. नवीन माणसाला प्रवेश आणि जुन्याला म्हातारपणाची तरतूद या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवता येतात. लेव्ही ऑर्डरीवर लावा, नोंदणी सर्वांना खुली ठेवा. विद्यार्थी महिनाभर काम करून गेला तर त्याच्या खात्यात महिन्याची रक्कम राहील, एवढेच.

खमंग

आणि ती लेव्ही शेवटी कमिशनमध्ये घालून माझ्याकडूनच वसूल होईल, ही भीती कोणी विचारात घेतलेली दिसत नाही. ओएनडीसी या सरकारी पुढाकाराने सुरू झालेल्या खुल्या ऑनलाइन बाजाराच्या जाळ्यावर मी नाव नोंदवले होते. तिथे कमिशन बरेच कमी आहे, पण ऑर्डरी इतक्या तुरळक आल्या की टॅब्लेट चार्ज करायचीही आठवण राहत नसे. ज्याच्याकडे ग्राहक आहे तो दर ठरवतो. रायडरचा ठरवतो आणि माझाही.

सौदामिनी_बाणेर

मी प्रत्येक वेळी ॲपवरून 20 रुपये टिप देते. त्याने काही फरक पडत नाही का?

हिशोबनीस

त्या दिवशीच्या मुलाला नक्कीच पडतो. टिप पूर्णपणे त्याच्याकडे जाते. सर्वांचा विचार केला तर गोयल यांच्याच सांगण्यानुसार 5 टक्के ऑर्डरींवरच टिप मिळते आणि ताशी सरासरी 2 रुपये 60 पैसे पडतात.

कर्वेनगरकर (धागाकर्ते)

सर्वांचे आभार. माझ्या 155 रुपयांचा हिशोब आता असा दिसतो: कमिशन, डिलिव्हरी आणि फी मिळून कंपनीकडे 162 गेले, त्यातून रायडरला 40 च्या आसपास मिळाले असावेत आणि त्यातले निम्मे पेट्रोलला, हॉटेलला गल्ल्यापेक्षा 42 रुपये कमी, आणि सर्व टप्प्यांवरचा जीएसटी मिळून 54 रुपये सरकारला (त्यातले 20 तिथे बसून जेवलो असतो तरी लागले असते). लेव्ही लावावी की किमान दर ठरवावा, यावर येथे एकमत होणार नाही. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. बिलावर पॅकिंग दिसते, फी दिसते, कर पैशांपर्यंत दिसतो. तिथेच 'रायडरला दिलेली रक्कम' अशी एक ओळ का असू नये? ती दिसली तर निदान मला कळेल की मी कशाचे पैसे देतो आहे.

कलमबहाद्दर

या ओळीला कायद्याच्या बाजूने एक गमतीशीर पाठबळ आहे. डिलिव्हरी शुल्कावर जीएसटी लागू होतो का, यावर जुना वाद आहे. कर खात्याची नोटीस आल्यावर झोमॅटोने 2023 मध्ये अशी भूमिका घेतली होती की हे शुल्क आम्ही डिलिव्हरी पार्टनरच्या वतीने गोळा करतो. खात्याने ते मानले नाही आणि डिसेंबर 2024 मध्ये ठाण्याच्या जीएसटी कार्यालयाने व्याज-दंडासह 803 कोटी रुपयांच्या मागणीचा आदेश काढला. 22 सप्टेंबर 2025 पासून तर या शुल्कावर 18 टक्के कर स्पष्टपणेच लागू झाला आहे. जे पैसे रायडरच्या वतीने घेतले असे कर खात्याला सांगता येते, ते त्याला किती पोहोचले हे ग्राहकाला सांगायलाही हरकत नसावी.

अर्थशून्य

या सूचनेला माझाही पाठिंबा आहे, कारण यात दर ठरवण्याची सक्ती नाही. फक्त एक अडचण दिसते. दोन ऑर्डरी एकत्र नेल्या असतील आणि इन्सेंटिव्ह रविवारी ठरत असेल, तर एका बिलावर रक्कम कशी दाखवणार?

दुचाकीस्वार

इन्सेंटिव्ह वगळून दाखवा. ऑर्डर स्वीकारायची की नाही हे ठरवायला आम्हाला काही सेकंद मिळतात, तेव्हा स्क्रीनवर अंतर आणि अपेक्षित पेआउट लिहिलेला असतो; दोन ऑर्डरी एकत्र असतील तर दोन्हींचा मिळून असतो. ती रक्कम त्या क्षणी तयार असते. तीच ग्राहकाच्या स्क्रीनवर, माझ्या नावाच्या आणि गाडीच्या नंबरच्या खाली टाका.

पेठी

गाडीच्या नंबराखाली नको. लोक ती रक्कम ओटीपी समजून सांगतील.